म्हाळू फिटर आणि न निघणारा प्रोसेसर

माझा पाठचा भाऊ म्हाळू. पाटसच्या बाजूला एका साखर कारखान्यात त्यानं फिटर म्हणून जन्म काढला. आता रिटायर झालाय, पण ते त्याच्या हातांना कुणी कळवलेलं नाही. पाहुण्याच्या घरी गेला तरी आधी दाराची कडी हलवून बघतो, खुर्चीचा पाय दाबून बघतो आणि मग बसतो. बसल्यावर पंख्याकडे बघतो. पंखा थोडा जरी कुरकुरला की याचे डोळे चमकतात.

त्याला मी वेडा म्हणत नाही, कारण हे वेड त्याला कारखान्यानं लावलं. ज्यांनी साखर कारखाना आतून बघितला नाही त्यांना सांगते. ऊस आहे तोवर कारखाना दिवसरात्र चालतो. ऊस संपला, पट्टा पडला, की धूर बंद. लोकांना वाटतं आता फिटर लोक घरी झोपा काढत असतील. तर तसं नसतं. पट्टा पडला की अख्खा कारखाना खोलतात. मोठमोठे रोलर, पंप, बेअरिंग, नळ्या, सगळं. बंद पडलेलं खोलतात तसं चांगलं चाललेलंही खोलतात. पुसायचं, घासायचं, झिजलेलं बदलायचं, आणि दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर पेटायच्या आत जिथलं तिथं बसवायचं. जन्मभर हे केलेल्या माणसाची समजूत काय होणार? जगातली प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा खोलली पाहिजे, न्हाईतर तिला बरं वाटत नाही.

पावसाळा लागला की म्हाळूच्या घरात ओट्यावर मिक्सरचे तुकडे, पलंगावर घड्याळाचे तुकडे आणि उंबऱ्यात शिलाई मशीनचे. त्याची बायको अनसाबाई फार गरीब स्वभावाची. आखाडात कुणी पाहुणा आला आणि तिला पाट्यावर चटणी वाटताना बघितलं, की ती म्हणते, "आमच्यात आखाडात पाट्यावरच वाटायची पद्धत हाय." अशी पद्धत आमच्या सात पिढ्यांत नाही. मिक्सर खोललेला असतो, एवढंच.

आणि हात चांगला आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. खोललेलं तो पुन्हा बसवतो आणि ते चालतं. नुसतं चालत नाही, कधीकधी दुसरंच काही होऊन चालतं. बंद पडलेल्या लुनाचं इंजिन त्यानं कडबाकुट्टीला बसवलं होतं. कुट्टी चालू केली की म्हशी वैरण सोडून रस्त्याकडे बघायच्या, कोण पाहुणा आला म्हणून. पण कुट्टी व्हायची झकास.

त्याचं एक वाक्य ठरलेलं. "आक्का, जे बसवलंय ते निघतं. माणसानं बसवलं आसंल तर माणसाला निघतंच." लग्नापासून बॉयलरपर्यंत सगळ्याला तो हेच वाक्य लावतो, आणि अनसाबाई मान खाली घालून हसते.

हे सगळं मिक्सर, मोटारी आणि पंखे यांच्यापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण मधे त्याचा मुलगा रविराज यानं आपला जुना लॅपटॉप टाकून दिला. चांगला जाडजूड, पाटासारखा. दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. म्हाळूनं तो खोलला. आत एक चौकोनी तुकडा, त्याला म्हणतात प्रोसेसर. माझी नात पूनम म्हणते तो लॅपटॉपचा मेंदू. म्हाळू म्हणतो ती मोटर. मला मोटर बरी वाटते, कारण मेंदू बदलून दुसरा घातला असं आमच्या घराण्यात तरी अजून घडलेलं नाही, गरज असूनसुद्धा.

तर त्या जुन्या लॅपटॉपात प्रोसेसरच्या शेजारी एक बारीक स्क्रू होता. म्हाळूनं तो अर्धा फिरवला आणि प्रोसेसर अलगद हातात आला, शेंगेतून दाणा यावा तसा. खालच्या बाजूला सुईसारख्या बारीक पिनांची रांगच रांग. मग हा दौंडला भंगारवाल्याकडे गेला, तसाच एक मेलेला लॅपटॉप शोधला, त्यातला जास्त ताकदीचा प्रोसेसर काढला आणि आपल्यात बसवला. लॅपटॉप चालू झाला! आधीपेक्षा जोरात चालू झाला. रविराज स्वतः म्हणाला की चांगला पळतोय.

झालं. पाटसच्या स्टँडवर चहा पिणाऱ्या एकालाही म्हाळूनं सोडलं नाही. "तीन हॉर्सपॉवर काढली, पाच हॉर्सपॉवर घातली," असं तो सांगायचा. लोक विचारायचे, "आप्पा, विहिरीवरची का?" हा म्हणायचा, "न्हाई, लॅपटॉपातली." मग लोक चहा संपवून उठायचे.

आता माझ्याकडे येते. मला दिली शिक्रापूरला. इथं आमचं घर, वर तीन खोल्या बांधलेल्या, त्यात कंपनीत जाणारी पोरं भाड्यानं राहतात. माझा मुलगा हौसराव, आणि त्याची मुलगी पूनम. पूनम इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या वर्षाला एक प्रोजेक्ट करावा लागतो आणि तो बाहेरून आलेल्या परीक्षकाला दाखवावा लागतो. पूनमनं घेतलं होतं कांद्याची पात आणि मुळी कापायचं यंत्र. खरं यंत्र नाही, लॅपटॉपात काढलेलं, पण ते सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवता येतं. आमच्याकडे हे काम बायका विळ्यानं करतात, आणि कांदा कापता कापता अख्ख्या गावाची बातमी काढतात. मी विचारलं, "तुझं यंत्र बातमी काढनार का?" तर म्हणाली, "ते पुढच्या वर्षीच्या पोरांना देऊ, आजी."

अडचण एकच होती. यंत्र फिरवायला गेलं की लॅपटॉप अडकायचा. पात्याच्या तोंडाशी कांदा यायचा आणि तिथंच थांबायचा. लॅपटॉप तापून तवा व्हायचा, आतून भोंग्यासारखा आवाज यायचा, आणि कांदा तसाच अधांतरी. पूनम कपाळाला हात लावून बसायची. "आजी, परीक्षकांसमोर असं झालं तर ते दोन मिनिटं थांबतील आणि पुढच्या मुलाला बोलावतील. वर्षभराचं काम जाईल."

लॅपटॉप काही जुना नव्हता. पातळ, भाकरीच्या जाडीचा. दुसरा कुणाचा मागावा तर सगळ्यांची परीक्षा एकाच सोमवारी.

त्याच आठवड्यात कासुर्डीला आमच्या नात्यातलं लग्न होतं. पंगतीत हौसरावानं सहज ही गोष्ट काढली आणि समोर म्हाळू जेवत होता. त्याचा बुंदीचा घास हातातच राहिला.

"प्रोसेसर बदलून टाकू की," तो म्हणाला.

"आबा, माझ्या लॅपटॉपचा निघत नाही," पूनम म्हणाली. "सोल्डर केलेला असतो."

"बघू."

फिटर माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, त्यानं मनातल्या मनात स्क्रू ढिले करायला घेतलेत.

रविवारी सकाळी पूनम प्रोजेक्टचं पुस्तक बांधून आणायला शिरूरला गेली. जाताना मला बजावून गेली, "आजी, लॅपटॉप टेबलावर आहे. कुणाला हात लावू देऊ नको." मी म्हटलं कोण येतंय हात लावायला. ती वळणावर गेली असेल-नसेल तोच दारात म्हाळू. चौफुल्याला गाडी बदलून आला होता. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात अनसाबाईची नथीची डबी. डबी उघडून दाखवली तर आत कापसावर प्रोसेसर, नथीपेक्षा जपून ठेवलेला.

"दौंडवरनं आणलाय. एकदम तगडा."

"म्हाळू, पोरीची उद्या परीक्षा हाय."

"म्हनून तर आज आलो. उद्या येऊन काय करू?"

"आरं, ती म्हनली निघत न्हाई."

"आक्का, बसवलाय का न्हाई?"

"बसवला आसंल."

"मग निघतोय."

आता पाठच्या भावाला दारातून चहाशिवाय कसं पाठवायचं? मी चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तर लॅपटॉप उताणा पडलेला आणि त्याच्या पाठीचे स्क्रू बशीत. ती बशी मी चहासाठी बाहेर काढून ठेवली होती, म्हणून त्यानं चहा कपातूनच प्याला.

म्हाळूची कामाची रीत मात्र बघण्यासारखी. झाकण काढायच्या आधी पेटीला हात लावून नमस्कार केला. मग लॅपटॉपखाली चादर अंथरली. बशीतला प्रत्येक स्क्रू कुठला, हे खडूनं पाटावर काढून ठेवलं. झाकण उघडलं, बॅटरीची वायर सोडवली. तांब्याची चपटी नळी बघितल्यावर तर त्याला भरूनच आलं. "आक्का, बघ. बॉयलर टूब! गरम हितनं घेतो आन् पंख्याकडं नेऊन सोडतो." मला म्हणाला, कारखान्यात जे एवढं मोठं तेच इथं एवढंसं. मी बघितलं. मला ते वाकलेल्या चमच्यासारखं दिसलं, पण भावाचं मन मोडवेना.

नळी उचलली. खाली प्रोसेसर. काळा, आरशासारखा चकचकीत, पोस्टाच्या दोन तिकिटांएवढा. म्हाळूनं बोटं मोडली आणि स्क्रू शोधायला लागला.

स्क्रू नव्हता.

चष्मा वर केला, खाली केला. हातबॅटरीचा उजेड मारला. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, शेवटी जमिनीवर गाल टेकून बघितलं. "लपवलाय," म्हणाला. "कंपन्या लय चाप्टर झाल्यात." नखानं कड उचलायला गेला तर नख बसेना. मला म्हणाला, "आक्का, तुझं नख बारीक हाय, बघ जरा." मी हात मागे घेतला. मी चौथीपर्यंत शिकलेय, पण एवढं शिकलेय.

मग बराच वेळ मांडी घालून बसला. मला वाटलं नमला. पण तो उठला आणि जिन्यातून वर बघून ओरडला. वरच्या खोलीतला बिहारी पोरगा पॅकिंगच्या कामाला जातो, त्याच्याकडे प्लास्टिक आवळायची गरम हवेची बंदूक असते, हे म्हाळूनं मागच्या वेळीच बघून ठेवलं होतं.

"भैया, वो गरम हवा का मशीन देना जरा. एक चीज निकालनी है."

"क्या निकालना है, चाचा?"

"प्रोसेसर."

तो पोरगा बंदूक घेऊन खाली आला, चादरीवरचा पसारा बघितला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कामावर जायचं होतं त्याला, पण गेला नाही. असं रोज बघायला मिळत नाही.

म्हाळूनं बंदुकीची वायर लावायला घेतली आणि माझा फोन वाजला. पूनमचा व्हिडिओ कॉल. पुस्तक बांधून होईपर्यंत ती शिरूरात इंद्रजीतच्या दुकानात गेली होती. हा इंद्रजीत लॅपटॉप दुरुस्त करतो, हौसरावाच्या ओळखीचा.

"आजी, एक काम कर. लॅपटॉप उलटा कर आणि खालच्या बाजूला नंबर लिहिलाय तो दाखव. इंद्रजीतदादा म्हणतात की—"

मी इकडं तिकडं बघितलं. "पूनम, खालची बाजू हितं न्हाई. ती पलंगावर हाय."

मग पूनम हळू आवाजात म्हणाली, "आजी, पाटसचे आबा आलेत का?"

मला खोटं बोलता येत नाही आणि फोन धरताही येत नाही. फोन हातात वळला आणि त्यात म्हाळू दिसला, हातात बंदूक घेतलेला. पूनमनं जी किंकाळी फोडली ती फोनशिवायही शिरूरहून ऐकू आली असती. मग फोनवर इंद्रजीतचं तोंड आलं.

"आबा, हातातलं खाली ठेवा."

"चालू न्हाई केलं आजून."

"आधी ठेवा, मग बोलू."

म्हाळूनं ठेवलं. वरच्या पोरानं पुढे होऊन वायर काढली.

"बॅटरी सोडवली का?" इंद्रजीतनं विचारलं.

म्हाळूला हे लागलं. "मेन पाडल्याबिगर मी जन्मात कुठल्या मशीनला हात घातला न्हाई. तू मला काय इचारतो?"

"बरं, चुकलं. आता ऐका. हा प्रोसेसर सोल्डर आहे. डाग दिलेला."

"डाग दिलेला आसंल तर डाग सोडवता येतो. आमच्या आईच्या घागरीला तीनदा डाग दिला, तीनदा सोडवला."

"घागरीला एक डाग असतो, आबा. याच्या पोटाखाली खसखशीएवढे मणी असतात, शेकड्यानं. सगळे एकाच वेळी वितळायला पाहिजेत आणि बसवताना सगळे एकाच वेळी धरायला पाहिजेत. त्याचं वेगळं मशीन असतं. या बंदुकीनं शेजारचे बारके भाग आधी उडतील, कीबोर्ड वितळेल, आणि प्रोसेसर तिथंच राहील."

"मग रविराजच्या जुन्या लॅपटॉपातला कसा निघाला? आन् दौंडचा दुसरा कसा बसला?"

"त्याला सॉकेट होतं. म्हणजे बसायची जागा. प्रोसेसरच्या सुया सॉकेटच्या भोकांत जायच्या, स्क्रू अर्धा फिरवला की सुया आवळल्या जायच्या. उलटा फिरवला की सुटल्या. दहा-बारा वर्षांमागच्या जाड लॅपटॉपना असं असायचं. तिथंसुद्धा कुठलाही कुठंही बसत नाही, त्याच घराण्यातला लागतो. तुमचा बसला हे नशीब."

"नशीब न्हाई," म्हाळू म्हणाला. "मी मापं घेतली व्हती."

"मापं घेतली होती ना? मग आताही घ्या. मागं डबीत दिसतोय त्या प्रोसेसरला खाली काय आहे?"

"सुया."

"आणि पूनमच्या बोर्डावर त्या सुया घालायला भोकं कुठं आहेत?"

म्हाळूनं डबीतला प्रोसेसर काढला. बोर्डाजवळ नेला. एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग परत कापसावर ठेवला आणि डबीचं झाकण लावलं.

"शाफ्ट हाय," तो म्हणाला, "बोअरच न्हाई."

एवढं त्याला पूनमनं समजावून पटलं नसतं, इंद्रजीतनं धमकावून पटलं नसतं. पण शाफ्टला बोअर, म्हणजे दांड्याला बसायचं भोक, नसेल तर फिटर पुढे जात नाही. ते त्याच्या धर्माविरुद्ध आहे.

मला मात्र प्रश्न पडला. मी विचारलं, "का रं इंद्रजीत, पहिलं निघायचं ते बरं व्हतं की. नव्याला असं का चिकटवलं?"

"आजी, लोकांना पातळ लॅपटॉप पाहिजे. सॉकेटची उंची वाचली, वजन वाचलं, बॅटरीही जरा जास्त टिकते. पण मग पुढं त्याला बदलायची सोय नाही. घेताना घेतला तसाच शेवटपर्यंत."

मी म्हटलं समजलं. माझ्या वरच्या खोल्यांतली पोरं म्हणजे सॉकेटवाली. एक गेला, दुसरा आला, खोली तीच. सोल्डरवाला म्हणजे घरजावई. एकदा बसला की बसला. चांगला निघाला तर चांगला, नाहीतर घर पाडल्याशिवाय सुटका नाही. इंद्रजीत एवढा हसला की फोन पडला त्याच्या हातातून.

फोन उचलून तो म्हणाला, "आबा, आता काही बदलू नका, तसंच बंद करायचं. पण नळी उचललीत, म्हणजे मधली पेस्ट फाटली. नवी पेस्ट लावल्याशिवाय बंद करू नका. पूनमजवळ देतो."

"माझ्याकडं ग्रीस हाय की. पाटसवरनं डबाच आणलाय."

"ग्रीस लावू नका!"

फोन बंद झाला. वरचा पोरगा बंदूक घेऊन कामावर गेला. म्हाळू चादरीवर बसून राहिला. त्याच्यापुढे लॅपटॉप सगळा पसरलेला आणि पूनम गाडीत बसून निघालेली. हा जोडला गेला नाही तर उद्या ती पोरगी परीक्षकाला काय दाखवणार? बशीतले स्क्रू?

"आक्का," म्हाळू हळूच म्हणाला, "खोललं आन् काईच न बदलता लावलं, आसं मी कवाच केलं न्हाई. मग खोललं कशाला म्हनायचं?"

"ते मला नगो इचारू. मी चहा टाकायला गेलते."

काहीतरी करायला पाहिजे म्हणून त्यानं पंखा हातात घेतला. पंखा म्हणजे केवढा, करदोड्याच्या पितळी बिल्ल्याहून जरा मोठा. तो खोलला आणि म्हाळू ताठ बसला. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्यामध्ये धुळीचा थर. थर कसला, जेनच, मेंढीची लोकर दाबून करतात तसं. पूनम लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम करते, बाजूच्या खोलीत आमचा कांदा साठवलेला. गोधडीचा कापूस, कांद्याची साल, माझे पांढरे केस, सगळं त्या पंख्यानं ओढून ओढून जाळीवर लादलं होतं. वारा बाहेर पडायला जागाच नव्हती.

आमचा आजा मेंढरं राखायचा आणि कातरायचाही. म्हाळूनं तो हात उचललेला आहे. चिमट्यानं एका कडेनं धरून त्यानं तो अख्खा थर न फाडता उतरवला आणि पाटावर ठेवला.

"बघ," म्हणाला. "ह्या गड्याच्या नाकात बोळा, आन् आपन म्हनतोय त्याच्यात दम न्हाई."

मग रंगाच्या कोरड्या ब्रशनं जाळीचं एकेक पातं झाडलं. प्रोसेसरवरची वाळून पापडी झालेली जुनी पेस्ट मऊ कापडानं पुसली. 

दुपारी पूनम आली. बगलेत प्रोजेक्टचं निळं पुस्तक, हातात पेस्टची बारकी नळी. दारातून तिनं चादर बघितली आणि उंबऱ्यावरच बसली. रडायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती रडली, तोंडावर ओढणी धरून. तिची आई घरात नाही, बापही मार्केटला गेलेला. मी जवळ गेले तर म्हणाली, "आजी, तुला सांगून गेले होते ना?" मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

म्हाळू उठला नाही. तिथूनच म्हणाला, "पोरी, रड. पन ती पेस्ट हिकडं दे."

तिनं दिली. "आबा, हळू लावा. मसुराच्या दाण्याएवढीच."

"मसूर आख्खा का डाळ?"

रडता रडता पूनमला हसू फुटलं, आणि हसू फुटल्याचा तिला आणखी राग आला. "अख्खा," म्हणाली. मग डोळे पुसून त्याच्यासमोर येऊन बसली. एकदा पेस्ट लावल्यावर ती त्याला स्क्रू एकेक करून देत गेली. पाटावर खडूनं काढलं होतं तसंच, त्याच क्रमानं. म्हाळू स्क्रू आवळायचा तोही कारखान्याच्या पद्धतीनं, समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, म्हणजे दाब सारखा पडतो. पूनम म्हणाली, "हे आम्हाला पुस्तकात आहे, आबा." म्हाळू म्हणाला, "मग पुस्तक बरं दिसतंय."

झाकण लागलं. बटण दाबलं. लॅपटॉप काळाच राहिला.

पुन्हा दाबलं. काळा. पूनमचं तोंड पांढरं पडलं. म्हाळूच्या कपाळावर घाम आला. मी देवळीतल्या बिरोबाकडे बघितलं आणि म्हटलं, देवा, आजवर या म्हाळ्यानं जे जे खोललं ते तूच चालवलंस, आता एकदाच.

"बॅटरी," पूनम म्हणाली.

म्हाळूनं कपाळावर हात मारला. बॅटरीची सोडवलेली वायर लावायचीच राहिली होती. मेन पाडल्याबिगर हात घालत नाही म्हणणारा माणूस मेन वर करायलाच विसरला होता. पूनमनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं स्क्रू-ड्रायव्हर तिच्याच हातात दिला. तिनं झाकण काढलं, वायर लावली, झाकण बसवलं, बटण दाबलं.

लॅपटॉप उजळला.

तिनं यंत्र उघडलं. कांदा पट्ट्यावरून आला, पात्याच्या तोंडाशी आला. कांदा पुढे गेला. पात कापली, मुळी कापली, कांदा पलीकडे पडला. मग तिनं अख्खं यंत्र गरगर फिरवलं, वरून, खालून, मागून. फार जोरात नाही, पण कुठं अडकलं नाही. आतला भोंगा बंद. म्हाळूनं लॅपटॉपच्या बाजूला तळहात धरला. "वारं येतंय," म्हणाला, आणि मलाही हात धरायला लावला. कोमट वारं येत होतं.

"प्रोसेसर तोच आहे, आबा," पूनम म्हणाली.

"व्हय. तीन हॉर्सपॉवरच हाय. पन आता पुरं तीन."

सोमवारी म्हाळू पाटसला गेला नाही. म्हणाला, कॉलेजपर्यंत येतो, वाटेत काही ढिलं झालं तर? पूनमनं नको नको म्हटलं, पण तो पेटी घेऊन गाडीत बसला. कॉलेजच्या दारात वॉचमननं पेटी उघडून बघितली आणि पाने, पक्कड, हातोडी बघून याला बाहेरच बसवलं. दिवसभर बसला बिचारा, कॅन्टीनच्या बाहेर.

दोघं आले तेव्हा मी अंगणात कांदा निवडत होते. पूनम गाडीतून उतरून धावतच आली.

"फिरलं, आजी! तीनदा फिरवायला लावलं. एकदाही नाही अडकलं!"

"मग, पास?"

"चांगलेच मार्क देणार म्हणाले सर. एकच प्रश्न अवघड विचारला. म्हणे, तुमच्या चित्रात सगळे कांदे गोल आहेत. जोडकांदा आला तर यंत्र काय करणार?"

"मग तू काय म्हनली?"

"म्हटलं, सर, जोडकांदा आमची आजी आधीच बाजूला काढते." तिला बोलता बोलता हसू आवरेना. "सगळे हसले. सर पण हसले. म्हणाले, मग आजीला यंत्राच्या चित्रात घ्यायला हवी होती."

मी हातातला कांदा खाली ठेवला आणि तिचं तोंड कुरवाळलं. म्हाळू ओट्यावर पेटी टेकवून उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघून वाटलं, याला अजून काहीतरी ऐकायचंय.

"पूनम," तो म्हणाला, "आन् लॅपटॉपचं काय इचारलं?"

"लॅपटॉपचं? काही नाही."

"मंजी पंख्याचं बी न्हाई? पेस्ट कुनी लावली, जाळी कुनी साफ केली, कायच न्हाई?"

"नाही, आबा."

मी चहा दिला. त्यानं बशीत ओतला, फुंकर मारली, दोन घोट घेतले. बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, आमच्या दोघांवरच काही अन्याय झाल्यासारखं.

"मग आक्का," तो म्हणाला, "त्यांनी परीक्षा घेतली तरी कशाची?"